बिघाड कुठे, बोट कुठे

घरातले घड्याळ बंद पडले, विहिरीवरची मोटर जळाली किंवा पातेल्यातले दूध नासले, म्हणजे आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? 'काय बिघडले?' हा प्रश्न फार थोड्यांच्या तोंडी येतो. बहुतेकांच्या तोंडी येतो तो, 'कोणी हात लावला होता?' मी इतकी वर्षे शाळेत शिकवीत आलो, आणि वर्गातली काच फुटली की मीही हाच प्रश्न विचारीत आलो. या दोन प्रश्नांत काही अंतर आहे, हे कधी माझ्या ध्यानात आले नव्हते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका एवढ्याशा तारेने ते ध्यानात आणून दिले. ती हकीकत, आणि तिच्यामागून मनात आलेले विचार, वाचकांपुढे ठेवतो.

आमचे ईट हे भूम तालुक्यातले गाव. बालाघाटाच्या माळावरचा हा मुलूख. पाऊस बेताचा. ज्वारी, दूध आणि खव्याच्या भट्ट्या यांवर कित्येकांचे संसार चालतात, आणि ज्यांचे एवढ्यावर भागत नाही ते दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. अशा गावात संगणकाच्या हुकुमाने लाकूड कोरणारे यंत्र आहे, असे सांगितले तर परगावच्या माणसाला खरे वाटायचे नाही. पण आहे, आणि ते माझ्या पुतण्याने आमच्याच पडवीत आपल्या हाताने जोडले आहे.

पुतण्या एक वर्ष पाबळच्या विज्ञान आश्रमात राहून आला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावी १९८३ साली तो आश्रम काढला. हाताने काम करता करता मुलाने शिकावे, ही त्यांची धारणा. पुढे २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या साहाय्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, आणि खेड्यातल्या पोरांचे हात नव्या यंत्रांना लागले. गंमत अशी की, आकड्यांच्या हुकुमाने धातू कापणारे यंत्र लोकांना प्रथम दाखवले गेले तेही याच एमआयटीत, १९५२ साली. तेव्हा हुकूम भोके पाडलेल्या कागदी फितीवर लिहिलेले असत, आणि हुकूम वाचायला मोठमोठी कपाटे लागत. आज तेच काम तळहातावर मावेल एवढी एक पाटी करते. आर्डुइनो तिचे नाव. इटलीतल्या इव्रेया या गावी २००५ साली काही शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांसाठी तयार केली. तिच्यावर चालणारी जीआरबीएल नावाची आज्ञावली २००९ साली नॉर्वेतल्या एका माणसाने लिहिली आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकली. म्हणून तर शेतकऱ्याच्या पोराला हौसेखातर असले यंत्र जोडता आले.

यंत्र दिसायला साधे आहे. शिवणयंत्राच्या टेबलावर बसेल एवढी ॲल्युमिनियमची चौकट. तीन मोटरी. एक गाडा डावी-उजवीकडे नेते, दुसरी पुढे-मागे, तिसरी वर-खाली. गाड्यावर दातांच्या डॉक्टरकडे असते तशी गरगरणारी एक सुई बसवलेली. पुतण्या त्यावर घरांच्या पाट्या, पेढ्यांचे लाकडी साचे आणि रांगोळीचे छाप कोरतो. हाताखाली गावातलाच एक अठरा वर्षांचा मुलगा होता. तो माझा जुना विद्यार्थी. अभ्यासात मागे, पण हात असा स्थिर की वर्गात सुतळीची गाठ सुटली नाही तर मी त्यालाच हाक मारीत असे. त्याचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जात. हे काम मिळाल्यामुळे तो त्या वर्षी मागे राहणार होता. दिवसा यंत्रावर काम करून आयटीआयचा अर्ज भरावा, असा त्याचा बेत होता.

दिवाळीला पंधरा-सोळा दिवस होते. पाट्यांची मागणी बरीच आली होती. एके सकाळी यंत्राने सागवानाच्या फळीवर नाव कोरायला घेतले. पहिली दोन अक्षरे मोत्यासारखी आली. तिसऱ्या अक्षराला डावी-उजवीकडे नेणारी मोटर जागच्या जागी गुरगुरू लागली. गाडा थरथरायचा, पण सरकायचा नाही. सुई मात्र खालचे लाकूड उकरतच होती. सगळी अक्षरे एकमेकांच्या उरावर बसली आणि फळी वाया गेली. दुसरी लावली, तिचीही तीच गत. तिसरी अर्ध्यावर थांबवली.

सगळ्यांत चमत्कारिक वाटला तो संगणकाचा पडदा. गाडा जागचा हलला नव्हता, पण पडद्यावरचे आकडे सरळ पुढे धावत होते. पुतण्या म्हणाला, "काका, हे यंत्र पाऊल टाकायचा हुकूम देतं. पाऊल पडलं की नाही, हे विचारत नाही. मोटरीच्या एका फेऱ्यात दोनशे पावलं. इतकी पावलं म्हणजे इतके मिलिमीटर, असा नुसता हिशेब." मला हसू आले, आणि लगेच हसू मावळले. फळ्यावर धडा संपवून 'समजले ना?' असे म्हणत पुढच्या धड्याकडे वळणारा मास्तर तरी दुसरे काय करतो?

मग तो पहिला प्रश्न निघालाच. हात कोणाचा लागला होता? आदल्या संध्याकाळी त्या मुलाने यंत्राचा भुसा झाडला होता, दोन-चार स्क्रू आवळले होते. झाले, दुवा जुळला. तो म्हणाला, "म्या वायरीला हात न्हाई लावला, गुरुजी." पुतण्या गप्प होता. बोललो मी. "आठवून बघ. तुझाच हात लागला असेल." मी ओरडलो नाही. आवाज चढवायची मला सवयही नाही. परंतु तेवढ्या एका वाक्याने त्या मुलाचा चेहरा उतरला. जुन्या गुरुजींनी, चार माणसे पडवीत बसलेली असताना, अंदाज म्हणून नव्हे तर निकाल म्हणून ते वाक्य उच्चारले होते. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. मी मनात म्हणालो, पाहा, चोराच्या मनात चांदणे!

आपल्याकडे एक म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला. संस्कृतात याचाच काकतालीय न्याय झाला. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. ही म्हण मी मुलांना शेकडो वेळा समजावून दिली असेल, वाक्यात उपयोग करायला लावला असेल. पण माझ्या पडवीत कावळा बसला तेव्हा ती मला आठवली नाही.

त्या दिवशी माझ्या हातून आणखी एक गोष्ट घडली. पुतण्या घटकाभर बाहेर गेला होता. मला राहवेना. वायर ढिली असेल म्हणून मी मोटरीची जोडणी उपटली आणि पुन्हा खुपसली. वीज चालूच होती. मोटरीला विजेचा हप्ता मोजून देणारी एक नखाएवढी चकती पाटीवर असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. चालू विजेत मोटर तोडली तर तो ड्रायव्हर जळून जाऊ शकतो. तसाच तो जळला. आता बिघाड दोन झाले. एक मुळातला, दुसरा मी शोधता शोधता केलेला. आणि दुसऱ्याने पहिल्याची वाट पार पुसून टाकली, कारण आता मोटर गुरगुरेनाशीही झाली.

पुतण्या परत आला. काही बोलला नाही. नवा ड्रायव्हर बसवला, मोटर पुन्हा पहिल्यासारखी गुरगुरू लागली, तेव्हा 'हं, आता मूळ दुखणं परत आलं' असे म्हणून एक कोरा कागद घेऊन बसला. मला म्हणाला, "काका, आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि दर वेळी वीज बंद करून."

ते दोन दिवस मी त्याच्याजवळ बसून काढले. त्याने प्रथम शेजारच्या मोटरीचा ड्रायव्हर इकडे बसवला आणि इकडचा तिकडे. दुखणे जागचे हलले नाही, तेव्हा ड्रायव्हर निर्दोष. मग पाटीवरच्या जोडण्यांची अदलाबदल केली. आता दुखणे वायरीबरोबर दुसऱ्या जागी गेले, म्हणजे पाटी निर्दोष. मग त्याच वायरीला दुसरी मोटर लावून पाहिली. तीही गुरगुरली, म्हणजे पहिली मोटर निर्दोष. कागदावर एकेक नाव खोडले जात होते. आमच्या जुन्या नैयायिकांनी कारण ठरवण्याची जी रीत सांगितली तिला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. एक गोष्ट असली की दुसरी असते, हा अन्वय. ती नसली की दुसरीही नसते, हा व्यतिरेक. दोन्ही पटले तरच कारण म्हणायचे. ती रीत मी आजवर पुस्तकातच पाहिली होती. पडवीत बसून एक पोर ती स्क्रू-ड्रायव्हरने चालवीत होते.

उरली वायर. तिच्यात चार तारा. मोटरीत दोन वेटोळी, आणि प्रत्येकाला दोन तारा. एक तार तुटली की एक वेटोळे मरते. मग मोटर एका पायाच्या माणसासारखी जागच्या जागी धडपडते. पुतण्याने मल्टिमीटर लावला. एकेका तारेच्या दोन टोकांना दोन सुया टेकवल्या. तार सलग असेल तर मीटर शिटी वाजवतो. पहिली वाजली, दुसरी वाजली, तिसरी वाजली, चौथीही वाजली. मी म्हणालो, "वायरही निर्दोष. आता?"

तो थोडा वेळ विचार करीत बसला. मग म्हणाला, "आपण ती जागेवर बसवून तपासली. ती बिघडते चालताना." त्याने मीटर चौथ्या तारेला तसाच लावून ठेवला आणि मला गाडा हाताने हळूहळू सरकवायला सांगितले. शिटी वाजत होती. गाडा मध्यापर्यंत आला आणि शिटी थांबली. आणखी सरकवला, पुन्हा वाजली. मागे आणला, पुन्हा थांबली. वरचे वेष्टन साबूत होते. आतली तांब्याची तार तुटलेली होती. वायर सरळ असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत आणि ती शहाण्यासारखी उत्तर देई. गाडा त्या एका जागी आला की तिला बाक पडे, टोके दूर होत आणि ती मुकी होई.

कोणत्या जागी? जिथे वायरीला प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी करकचून आवळली होती तिथे. गाडा दर खेपेला त्याच एका बिंदूत तारेला वाकवीत होता. लोखंडाची पट्टीसुद्धा एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते, मग केसाएवढे तांबे किती टिकणार?

आणि ती पट्टी मी बांधली होती.

खंडेनवमीला आम्ही यंत्राची पूजा केली. झेंडूची माळ घातली. फोटो काढायचा होता, आणि मधे त्या वायरी आतड्यांसारख्या लोंबत होत्या. मास्तरांची नजर. लोंबणारे काही मला पाहवत नाही. डब्यातल्या पट्ट्या घेऊन मी सगळ्या वायरी एका ओळीत, कवायतीला मुले उभी करावी तशा आवळून टाकल्या. फोटो सुरेख आला. त्यानंतर काही दिवस यंत्र सुरळीत चालले, आणि एकेक करून आतले धागे तुटत राहिले.

पुतण्याला विचारले, "तुला हे तेव्हाच दिसले होते का?" तो खाली बघत म्हणाला, "दिसलं होतं. पण तुम्ही बांधलं होतं ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मनातल्या मनात मी स्वतःचे वकीलपत्र घेतले होते. माझा हेतू चांगला होता. वायर हलक्या प्रतीची होती. पुतण्याने मला वेळीच टोकायला हवे होते. त्याने टोकले नाही, कारण आमच्या घरात काकांना टोकायची रीत नाही, आणि ती रीत काही मी एकट्याने पाडलेली नाही. यातले प्रत्येक म्हणणे खरे आहे. कारणांची साखळी अशी मागे मागे ओढीत नेली की शेवटी कोणीच अपराधी उरत नाही. सगळे जग मिळून ती तार तोडते.

यंत्राच्या बाबतीत हा विचार मला अजूनही योग्य वाटतो. हार्वर्ड विद्यापीठात १९४७ साली मार्क टू नावाचा एक अवाढव्य संगणक अडला, तेव्हा त्याच्या एका खटक्यात मेलेला पतंग सापडला. काम करणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि खाली थट्टेने 'किडा सापडला' अशा अर्थाची ओळ लिहिली. बिघाडाला किडा म्हणण्याची इंग्रजीतली चाल त्याहूनही जुनी. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात ती आढळते. पण ते पान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे, आणि मला ते आवडते ते याचसाठी, की त्यावर पतंग आहे. माणसावर ठपका नाही. बिघाड शोधणाऱ्याने असेच असावे. ज्याला गुन्हेगार हवा असतो त्याला तो हटकून सापडतो, आणि तो सापडला की शोध थांबतो. आम्ही त्या मुलावर बोट ठेवून मोकळे झालो असतो तर तार तुटलेलीच राहिली असती.

परंतु 'कोणाचाच दोष नाही' या उशीवर डोके ठेवूनही मला झोप येईना, तेव्हा कुठे मला माझी चूक दिसली. मी दोन गोष्टींची गल्लत करीत होतो. तार तुटली ही एक घटना, आणि 'तुझाच हात लागला असेल' असे मी म्हणालो ही दुसरी. पहिलीला दहा कारणे होती. दुसरीला एकच. ते वाक्य माझ्या तोंडून हलक्या वायरीने वदवले नव्हते, पुतण्याच्या संकोचानेही वदवले नव्हते. बिघाडाला कारणे असतात, आरोपाला मात्र कर्ता असतो. बिघाडाचा शोध घेताना कर्ता विसरावा हे खरे, पण आरोपाचा हिशेब करताना कारणांच्या मागे लपू नये, हेही तितकेच खरे.

शिवाय, यंत्र तपासायची रीत माणसाला लागू करता येत नाही. ड्रायव्हर इकडचा तिकडे बसवून पाहिला तर त्याला काही वाटत नाही. माणसाला संशयाच्या जागी क्षणभर बसवून पाहिले, तर पुढे तो निर्दोष ठरला तरी त्या बसण्याचा डाग राहतो. चालू विजेत मी जोडणी उपटली आणि ड्रायव्हर जाळला. चार माणसांत त्या मुलाला विचारले तेव्हाही मी हेच केले होते. तो ड्रायव्हर शे-दीडशे रुपयांत नवा आला.

सकाळी मी त्याच्या घरी गेलो. दारात पत्रा, ताडपत्री आणि भांड्यांचे बोचके बांधून ठेवलेले. म्हातारी ज्वारी निवडीत होती. मी त्याला सगळे सांगितले. पट्टी मी बांधली होती, तुझा काही दोष नव्हता, मी चुकलो, परत ये. हे बोलायला मला किती वेळ लागला असेल कोण जाणे. विद्यार्थ्यापुढे 'मी चुकलो' हे शब्द मी तोवर कधी काढले नव्हते.

त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "गुरुजी, आता जमायचं न्हाई. मुकादमाकडून उचल घेतली." कामावरून तो परतला त्याच दिवशी बापाने त्याचे नाव अर्धा कोयता म्हणून टोळीत घातले होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. पैसे घेतले, त्यातले निम्मे जुन्या देण्यात गेले. उद्या ट्रॅक्टर यायचा होता. मी उचल भरून देतो म्हणालो. बाप म्हणाला, "पैशाचं न्हाई गुरुजी, सबूत दिलाय. टोळीत माणूस कमी पडलं तर बाकीच्यांनी काय करायचं?" त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आयटीआयच्या अर्जाचे मी विचारलेच नाही.

निघताना तो मुलगा माझ्याबरोबर वेशीपर्यंत आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "तार कुठं तुटली होती? मोटरीकडं का पाटीकडं?" मी म्हणालो, मधोमध, पट्टीपाशी. तो म्हणाला, "हलत्या वायरीला ढील ठिवावी लागती, गुरुजी. लोंबती दिसली तरी चालतंय." एवढे बोलून तो माघारी वळला.

आमच्याकडे त्या दिवाळीला पाट्या वेळेवर गेल्या. तारेला डाख लावायला दहा मिनिटे पुरली. वायर मोकळी सोडली. पडवीत आकाशकंदील लागला तेव्हा तो मुलगा कुठल्याशा कारखान्याच्या फडात कोपीवर पत्रा घालीत असेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, आणि आम्ही दोघेही ते बोललो नाही.

हंगाम संपल्यावर तो परत आला. आता यंत्रावर तोच बसतो आणि वायरीही तोच बांधतो. यंदा त्याचे नाव टोळीत नाही, अर्ज भरला आहे. एक वर्ष उशिरा भरला, एवढेच. 'एवढेच' हा शब्द मी लिहिला खरा, पण तो लिहिण्याचा अधिकार त्याचा आहे, माझा नाही.

परवा वर्गात कोणाची तरी पाण्याची बाटली माझ्या टेबलावरच्या वह्यांवर सांडली. सवयीने माझे बोट उठले. मग मी ते खाली घेतले आणि आधी वह्या उचलल्या. टेबलाचा एक पाय आखूड होता.